पावणं सर

कोल्हापुरात कुणी हळू बोललं की लोक आधी त्याची तब्येत विचारतात. आमच्याकडे दोन मित्र प्रेमानं गप्पा मारत असले, तरी परगावच्या माणसाला वाटतं, आता ह्यांना कुणीतरी सोडवायला हवं. अशा गावात आमचे सूक्ष्मजीवशास्त्राचे सर इतकं हळू बोलायचे, की पहिल्या बाकावरच्या मुलींनाही मान पुढे काढावी लागायची. मागून कुणीतरी ओरडायचं, "सर, आवाज वाढवा की!" त्यावर सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "तुम्ही कमी करा की. मग येतंय ऐकू." आणि खरोखरच यायचं. थोड्या वेळानं वर्गात पंख्याची घरघर आणि सरांचा आवाज एवढंच उरायचं, आणि दुपारच्या तासाला त्यातलं कुठलं कुठलं हेही कधी कधी कळेनासं व्हायचं.

सर गारगोटीकडचे, शेतकऱ्याघरचे. डॉक्टरेट झाली, केस पांढरे झाले, पण बोली काही बदलली नाही. उंच होते आणि मानेत जरासे वाकलेले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकावर वाकून तसे झाले असावेत. अनोळखी माणसाला आमच्याकडे सगळेच पावणं म्हणतात. सर ओळखीच्यांनाही म्हणायचे. शिपाई पावणं, प्राचार्य पावणं, आणि काचेच्या पट्टीवर थेंबभर पाण्यात वळवळणारा जीव तोही पावणंच. त्यामुळे कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांना ते पावणं सर.

पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेले की ते एका जुन्या औषधाच्या बाटलीत तळ्याचं पाणी भरून आणायचे. त्यातला एक थेंब त्यांनी काचपट्टीवर सोडला आणि मला पुढे बोलावलं. "डोळा लाव. घाई न्हाय. आपण दुसऱ्याच्या दारात उभं हाय, हाका मारायच्या न्हाईत." मी डोळा लावला आणि जवळजवळ किंचाळलेच, "सर, दिसले! काळे, लांब, हलतायत!" सरांनी वाकून बघितलं. म्हणाले, "बाळ, ह्या तुझ्या पापण्या हायत." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं. आधी आपलंच दिसतंय. ते दिसायचं थांबलं की दुसऱ्याचं दिसाय लागतंय."

आणि मग दिसलं. हिरवे गोल गोल, पोपटी काचेचे मणी संथ गिरक्या घ्यावेत तसे फिरत होते. एक पारदर्शक, लांबट जीव कडेनं आला, शेवाळाच्या काडीला धडकला, मागं सरला, वळून पुन्हा निघाला. "चपलेसारखा हाय न्हवं?" सर कानाशी म्हणाले. "पॅरामेशियम. कोल्हापूरचाच, त्यामुळं पायताण सोडून दुसरा आकार कुठनं आणंल?" मी किती वेळ बघत होते कोण जाणे. डोकं वर काढलं तेव्हा प्रयोगशाळा मला उगाचच मोठी आणि रिकामी वाटली.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, आणि पुढे दर वर्षी प्रत्येक नव्या तुकडीला सांगत राहिले. पृथ्वीवर सजीव आले त्यानंतर कितीतरी काळ फक्त हे सूक्ष्मजीवच होते. झाड नाही, मासा नाही, पाखरू नाही. समुद्रात, चिखलात, उकळत्या झऱ्यात, सगळीकडे हेच. "त्येनी हवेत ऑक्सिजन सोडला, म्हणून आपल्याला श्वास घ्यायला मिळाला," सर म्हणायचे. "आजबी तुमच्या पोटात, कातडीवर, दातांच्या फटीत तीच हायत. मी त्यास्नी पावणं म्हणतो ते मानानं. खरं बघाय गेलं तर पावणं आपण हाय. ती घरची मंडळी."

स्वतः सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले की तो माणूस गेला म्हणून समजायचं. तास संपायचा, घंटा व्हायची, पुढच्या तासाची मुलं येऊन दारात उभी राहायची. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरायची. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, कुठं होता?" त्यांनी डोळा चोळला आणि जागं झाल्यासारखं म्हणाले, "आत गेलतो." जणू शेजारच्या खोलीत जाऊन आले होते.

पण पोरं त्यांची टर उडवायची ती दुसऱ्याच गोष्टीवरून. सकाळी आणलेल्या बाटलीत जे पाणी उरायचं, ते सर बेसिनमध्ये ओतत नसत. संध्याकाळी बाटली पिशवीत घालून ते पुन्हा रंकाळ्यावर जात आणि जिथून भरली तिथंच काठावर उकिडवं बसून पाणी परत सोडत. "सर रंकाळ्याचं उसनं फेडायला गेले," असं पोरं म्हणायची. मी मात्र त्यावर कधी हसले नाही. मला ते ओळखीचं होतं. आमच्या घरी अव्वा हेच करायची.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही हातकणंगल्याजवळचे जैन शेतकरी, आणि आमच्या घरात आईला कानडी वळणानं अव्वाच म्हणतात. विहिरीचं पाणी अव्वा दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि मग ते फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, त्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडायची. तिच्या डोळ्यांना ते जीव कधीच दिसले नव्हते. तरी फडकं उलटताना तिचा हात असा हळू व्हायचा, जसा झोपलेल्या लेकराला उचलताना होतो. त्यामुळे रंकाळ्याच्या काठावर सरांना उकिडवं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं की मला ह्याच माणसाकडे शिकायचंय.

आनुवंशिकीसुद्धा सरांनी अशीच शिकवली, अर्धी जागेपणी, अर्धी झोपेत. हिवाळ्यातली दुपार होती. त्यांनी पहिल्या बाकावर एक लांबलचक अक्षरांची ओळ लिहून दिली आणि प्रत्येकानं पुढच्याची बघून उतरवायची असं सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत ओळ पोचली तेव्हा तिच्यात एक अक्षर बदललेलं होतं. ज्याच्या हातून चुकलं तो पोरगा ओशाळला. सर मात्र तो कागद हातात घेऊन उजेडाकडे धरून बघतच राहिले. "पेशी फुटून दोन होताना डीएनएची अशीच नक्कल होती," ते म्हणाले. "लई काळजीनं होती. तरी एखादं अक्षर चुकतंय. बऱ्याचदा त्यानं काय होत न्हाय. कधी वाटोळं होतंय. आणि कधी तरी एखादी चूक कामाची निघती. तशा चुका साठत साठत त्या चिखलातनं आपण इथवर आलोय. लाजू नगंस रं."

मग म्हणाले, "आपल्याला जे मिळतंय ते आईकडनं आणि बापाकडनं. बॅक्टेरियाचं तसं न्हाय. त्यास्नी शेजाऱ्याकडनंबी मिळतंय. दोघं जवळ आली, मधी बारीकसा पूल झाला, आणि एकानं आपल्याजवळचा डीएनएचा एक तुकडा दुसऱ्याला दिला. एस.टी.त शेजारी बसलेली बाई ओळख ना पाळख निम्मी भाकरी पुढं करती, तसं." माझ्या वहीत त्या दिवशीची आकृती अजून असेल, पण लक्षात राहिली ती भाकरीच.

माझं सगळं सुरळीत चाललं होतं ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत. तिसऱ्या वर्षाला मुख्य विषय निवडायचा होता आणि माझा तर ठरलेलाच होता. त्या सुट्टीत घरी गेले आणि उत्साहाच्या भरात अव्वाला सगळं सांगत सुटले. आम्ही अगर, म्हणजे समुद्री शेवाळाची पूड, पाण्यात शिजवतो, काचेच्या बश्यांत ओततो, तो थिजला की त्यावर जिवाणू पसरतो, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात रात्रभर ठेवतो. सकाळी बघितलं तर एकेका जिवापासून लाखो झालेले, टाचणीच्या डोक्याएवढे मोत्यासारखे ठिपके! "मग?" अव्वानं विचारलं. "मग काय, बघून झालं की मोठ्या कुकरात घालून वाफेनं मारतो. नाहीतर रोग पसरायचे."

अव्वानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "खायला घालायचं, उबीत निजवायचं, आणि सकाळी कुकरात घालायचं? ह्येला शिक्षण म्हणत्यात व्हय?" अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्ये पडायला बघत होते. अव्वानं त्यांना बोलूच दिलं नाही. दुसरा कुठलाही विषय घे, हा नको, एवढं तिनं एकदाच सांगितलं. अव्वा एकदा सांगते तेव्हा आमच्या घरात ते पुन्हा सांगावं लागत नाही. मी दोन दिवसांनी कोल्हापूरला परत आले ते रसायनशास्त्र घ्यायचं मनाशी कबूल करूनच.

सरांना मी अव्वाचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, ते समजूत घालतील, नाहीतर अव्वाला अडाणी तरी म्हणतील. सरांनी हातातली काचपट्टी पुसून ठेवली. म्हणाले, "मी येतो तुझ्या घरी. अव्वास्नी भेटायला पायजे." मी म्हटलं, "सर, ती ऐकणार नाही." ते म्हणाले, "मी सांगाय कुठं येतोय? ऐकाय येतोय."

आमच्या घरी सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही, चूलही पेटत नाही. म्हणून मी सरांना दुपारचीच गाडी घ्यायला सांगितली होती. ते दुपारच्या गाडीनं हातकणंगल्याला उतरले सुद्धा. पण स्टेशनपासून आमच्या गावाला चालत येताना वाटेत त्यांना एक जुनी विहीर दिसली, विहिरीत शेवाळ दिसलं, आणि सर तिथंच हरवले. इकडे अव्वानं पुरणपोळ्या करून झाकून ठेवलेल्या, मी दारात, अण्णा रस्त्यावर. सर आले तेव्हा दिवस बुडालेला होता आणि भांडी घासून पालथी पडली होती. त्यांच्या हातात हिरव्या पाण्याची बाटली होती.

अव्वाची फार पंचाईत झाली. दारी आलेला माणूस उपाशी, आणि घरची रीत आड येते. "तुमच्यापुरतं तरी गरम करते," ती म्हणाली. सर लगेच म्हणाले, "नगा अव्वा. रीत ती रीत. उशीर मी केलाय. पुढच्या खेपेला दिस हाय तवर येतो, जेवूनच जाईन." त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सोप्यात घोंगड्यावर बसले. अव्वानं बाटलीकडे बोट करून विचारलं, "ते कुठलं पाणी?" "वाटंवरच्या विहिरीचं. घरी बघतो आणि उद्या आणून परत सोडतो." अव्वानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली.

मग तिनं थेटच विचारलं. "आमी शेती करतो. नांगराखाली किती जीव मरत्यात ते मला ठाऊक हाय. त्याला इलाज न्हाय, पोट हाय. पण ते आमी वाढवून मारत न्हाय. तुमी वाढवून मारताय. ते कसं बसतंय तुमच्या मनाला?"

आता सर बोलतील म्हणून मी सरसावून बसले. टायफॉइड, कॉलरा, लसी, औषधं, सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर असणार. ह्या एका उत्तरावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं. सरांनी हातातली बाटली घोंगड्याच्या कडेला ठेवली. म्हणाले, "बसत न्हाय, अव्वा. त्यातनं माणसं वाचत्यात हे खरं हाय. पण तुमी जे विचारलंसा, त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय."

झालं. माझी बाजू मांडायला आलेला माणूस माझ्यादेखत हरला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात सरांनीच विचारलं, "तुमी असता तर काय केलं असतं?"

अव्वा विचारात पडली. तिला इतक्या शिकलेल्या माणसानं असं कधी विचारलं नसणार. "मी?" ती म्हणाली. "लागंल तेवढंच वाढवलं असतं. ही आणि हिचा भाऊ बारकी असताना मी दोघांस्नी एकाच ताटात वाढायची. मधी भाताची रेघ. इकडचं तुझं, तिकडचं त्याचं. दोन ताटं कशाला? त्यात निम्मं टाकूनच द्यायची की." सर एकदम पुढं सरकले. "मधी रेघ," ते म्हणाले. "एका ताटात दोघं." "व्हय. मारायचं चांगलं हाय असं मी म्हणत न्हाय हां. कमी मारा म्हणते," अव्वा म्हणाली. सर उठले, अव्वाला हात जोडले आणि अंधारात बाटली घेऊन स्टेशनकडे चालू लागले.

सकाळी अव्वा पाणी गाळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जा तू त्यांच्याकडंच. खोटं बोलला न्हाय माणूस." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "उपाशी गेलं गं बिचारं."

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी काचेची बशी पालथी केली, खिशातून मार्कर काढला आणि तळावर बरोबर मधोमध एक रेघ ओढली. "ही अव्वाची रेघ," ते म्हणाले. "इकडं एकाचा प्रयोग, तिकडं दुसऱ्याचा. जमलं तर चार भाग करा. आपल्याला बघायला किती लागतंय, ते आधी ठरवायचं. मग वाढवायचं." बशीचे भाग करायची पद्धत काही नवी नव्हती, पुस्तकातही होती. पण आमच्याकडे तोवर प्रत्येकाला दोन दोन बश्या मिळायच्या आणि निम्म्या कुणी बघायचंही नाही. वापर निम्म्यावर आला तेव्हा ऑफिसातून सरांच्या काटकसरीचं कौतुक झालं. "म्हणू दे," सर म्हणाले. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे त्या मोठ्या कुकरचं, झाकण लावण्याआधी ते त्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "माफी मागता का सर?" तर म्हणाले, "न्हाय. निरोप देतो."

मी त्यांच्याकडेच शिकले आणि आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. पूर ओसरला की पंचगंगेकाठच्या गावांचं पाणी बाटल्यांतून माझ्या टेबलावर येतं. प्रत्येक बशी पालथी करून मी आधी रेघ ओढते. अव्वानं तो पुरणपोळीचा विषय काही सोडला नाही. दर दिवाळीला विचारायची, "तुझं पावणं सर कवा यायचं?" मी सरांना फोन करायचे. ते म्हणायचे, "येतो की. दिस हाय तवर येतो." मग निवृत्त होऊन गावी गेले, तिथल्या ओढ्यात रमले, आणि येणं राहत गेलं.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी ओढ्याकाठी बसले होते, तिथंच. अव्वाला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशीच खाली बसली. "एवढी वर्षं झाली," ती म्हणाली, "एक घास न्हाय गेला त्यांच्या पोटात आपल्या घरचा." तिच्या डोळ्यांत पाणी मी क्वचित पाहिलंय. त्या दिवशी ती रडली, आणि तिला बघून मीही.

कॉलेजात शोकसभा होती. मला बोलायला सांगितलं होतं, पण जोरजोरात भाषणं चालली होती आणि सरांबद्दल माइकवरून बोलणं मला काही जमेना. मी हळूच उठले आणि वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत गेले. खिडकीतून तेच दुपारचं ऊन येत होतं, शिजलेल्या अगरचा तोच वास होता. दोन मुली टेबलाशी होत्या. नव्या होत्या; सरांना त्यांनी पाहिलेलंही नसणार. एकजण बशी उघडायला निघाली, तशी दुसरी तिच्यावर ओरडली, "अगं ए, आधी अव्वाची रेघ मार की!"

मी दारातच थबकले.  सर सांगायचे तो दोन बॅक्टेरियांमधला पूल माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्या आईची गोष्ट कुणाकुणाकडून ह्या अनोळखी पोरीपर्यंत पोचली होती.

"कोण गं ही अव्वा?" मी विचारलं.

पोरगी गोंधळली. "माहीत न्हाय मॅडम. सगळे तसंच म्हणत्यात. शास्त्रज्ञ असतील की कुठल्या तरी. परदेशातल्या."

"परदेशातल्या नाहीत," मी म्हटलं. "हातकणंगल्याच्या आहेत."

"अजून हायत?"

"आहेत की. कधी आलीस तर दिवस असताना ये. उपाशी जाऊ देणार नाहीत."

ती हसली. मग बशी पालथी करून, जिभेचं टोक ओठात धरून, तिनं सावकाश एक सरळ रेघ ओढली.